पिवळ्या फिन्सना काळा रंग

डोळे मीट आणि पाण्याने भरलेला एक मोठा टब डोळ्यांसमोर आण. आता स्वयंपाकघरातलं जेवायचं ताट घे, ते पाण्यात उभं धर आणि डावीकडून उजवीकडे झपकन ने. जात नाही ना? पाणी अडवून धरतं. तू आणखी जोर लावलास तर दुखतं कुठे? ताटाला दुखत नाही आणि पाण्यालाही नाही. दुखतं तुझ्या मनगटाला. आता ताट बाजूला ठेव आणि वहीचं प्लॅस्टिकचं जाड कव्हर घे. तेही तसंच पाण्यातून ने. कव्हर वाकतं, पाणी त्याच्या कडेवरून निसटून जातं आणि मनगट सुखात राहतं.

आता मनगटाच्या जागी पायाचा घोटा ठेव, म्हणजे तुला फिन्स कळले. पाण्याखाली काम करणारे डायव्हर पायांत जे लांब, रबरी, बदकाच्या पायांसारखे घालतात ते फिन्स. त्यांना पुढे एक पातं असतं. कडक पातं म्हणजे ताट, मऊ पातं म्हणजे वहीचं कव्हर. एवढं लक्षात ठेव. बाकी सगळी गोष्ट माणसांची आहे आणि माणसं फिन्सपेक्षा अवघड असतात.

ही गोष्ट एका अकरा वर्षांच्या मुलीची. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणत. घरात ती आणि आई, दोघीच. आई एका मत्स्यालयात डायव्हर होती. तिथे दुमजली घराएवढी एक काचेची टाकी होती आणि आई रोज तिच्यात उतरून आतून काच घासायची, खडकांच्या फटींत अडकलेला चारा काढायची, आजारी मासा जाळीत धरून वर आणायची. लोक बाहेर उभे राहून बघायचे. लहान मुलं काचेला नाक लावायची आणि आई आतून त्यांच्या नाकावर बोट ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी टाकीमागच्या ओल्या शिडीवरून आईचा पाय घसरला आणि डावा घोटा मुरगळला. बरा झाला, पुन्हा मुरगळला. पुन्हा बरा झाला आणि मग बसस्टॉपवर, सरळ सपाट रस्त्यावर, उगाचच मुरगळला. तेव्हापासून तो घोटा कच्चा राहिला. आई हे मत्स्यालयात कुणाला सांगत नव्हती. तिथला शिरस्ता असा होता, की ज्याला इजा झाली तो वर चाऱ्याच्या खोलीत जाई. तिथे दिवसभर उभं राहून गोठवलेले मासे सुरीने कापायचे, बादल्या भरायच्या. एकदा वर गेलेला माणूस पुन्हा पाण्यात उतरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"जमिनीवर मी लंगडी आहे," आई एकदा चिमटीला म्हणाली होती. "पाण्यात नाही. म्हणून मला पाणी सोडायचं नाही."

दर वर्षी डायव्हरांची परीक्षा व्हायची. पंप पूर्ण जोरात सोडायचा, पाण्याला ओढ आणायची आणि त्या ओढीविरुद्ध, कमरेला जास्तीचं वजन बांधून, टाकीचे सहा फेरे ठरलेल्या वेळेत मारायचे. या वर्षी सरावातच आईच्या घोट्याचा लिंबाएवढा गोळा झाला. तिचे फिन्स जुने, काळे, लांब आणि कडक होते. परीक्षेला आठ दिवस उरले होते. आईने चिमटीला सोबत घेतलं आणि ती फिन्सच्या दुकानात गेली.

दुकानदार म्हातारा होता. तरुणपणी त्याने बंदरात बोटींची बुडं घासली होती. त्याने आईकडे पाहिलं नाही, आधी तिच्या पायांकडे पाहिलं.

"घोटा कसा आहे?"

"चांगला आहे की. थोडा जुना झालाय, एवढंच."

"नाही आजोबा," चिमटी म्हणाली. "डावा दुखतो. बाहेरच्या बाजूने. जिना चढताना नाही, उतरताना. संध्याकाळी बुटाची नाडी पार सैल करावी लागते."

"मी फिन्स घ्यायला आले आणि माझा आजार सांगायला हिला आणलं," आई म्हणाली.

"बरं केलंस. तू एकटी आली असतीस तर दोन तासांनी परत आली असतीस, फिन्स बदलून मागायला." म्हाताऱ्याने एक काळा कडक फिन उचलला, टोक धरून वाकवायचा प्रयत्न केला. तो जेमतेम वाकला. "हे पातं जोर मागतं. तो जोर तुझ्या मांडीत आहे, मान्य. पण मांडीतून पात्यापर्यंत जायचा रस्ता कोणता? घोट्यातून. रस्ता खचलेला असला तर त्यावरून ट्रक न्यायचा नाही."

मग त्याने दुसरा जोड काढला. आखूड, मऊ, पातं मधोमध उभं चिरलेलं. टोक धरून हलवलं तर ते कानासारखं हललं.

"याच्या फटीतून पाणी निसटतं, त्यामुळे घोट्यावर भार कमी येतो. पण यात लांब, जोरदार लाथ मारायची नाही. लहान, भराभर, कमरेपासून. गुडघ्यातून सायकल चालवलीस तर जागच्या जागी राहशील." त्याने आईला बसवलं. "बँडेज बांधून, वर रबरी बूट घालून बघ. अनवाणी माप घेतात आणि मग माझ्या नावाने खडे फोडतात. टाच आत हलते का? हलत असली तर घोटा प्रत्येक लाथेला डुगडुगणार. फार आवळतंय का? आवळलं तर पोटरीत गोळा."

चिमटी खाली वाकून टाचेत बोट घालून बघत होती. तिला हे सगळं फार आवडलं होतं. म्हाताऱ्याच्या मनात आलं, की पोर चलाख आहे, आणि तो तिलाच सांगू लागला. पट्टा कसा ओढायचा, सैल कसा करायचा, पात्यावर चरे पडले की काय करायचं. दुकानामागे सिमेंटची एक लांब टाकी होती. आई त्यात उतरली, चार फेरे मारले आणि काठाला धरून पायाकडे बघत राहिली.

"काय झालं?" चिमटीने विचारलं.

"काही नाही. घोटा आहे की नाही, कळलंच नाही."

ते दोन वर्षांतलं चिमटीने ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

"मग हेच द्या," आई म्हणाली. "काळे."

"तुझ्या मापात मऊ पात्याचे पिवळेच आहेत. काळे यायला महिना लागेल."

"महिनाभर कोण थांबणार?"

"मग पिवळे घे. माशांना काय करायचंय रंगाशी."

"माशांना नाही हो," आई म्हणाली. पण तिने घेतले.

बांधून देताना म्हातारा चिमटीला म्हणाला, "यांच्या रबराला काही लावायचं नाही. तेल नाही, पॉलिश नाही, काही नाही. गोड्या पाण्यात धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. लक्षात राहील?"

"राहील."

आता तुला मत्स्यालयाच्या मागच्या खोलीतली एक गोष्ट सांगायला हवी. तिथे भिंतीवर खुंट्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत डायव्हरांचे फिन्स, सगळे काळे. खालच्या ओळीत पिवळे. ते शिकाऊ मुलांचे आणि हौसेने तिकीट काढून पाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यांचे. असा काही लेखी नियम नव्हता. कुणीतरी कधीतरी असं टांगलं होतं आणि मग तसंच टांगत गेले. लेखी नियमाविरुद्ध माणूस तक्रार करू शकतो. याच्याविरुद्ध कुठे करणार?

आईने वरच्या ओळीत, आपल्या खुंटीवर, पिवळा जोड टांगला. तिच्या सोबत्यांत एक उंच, लांब मानेचा डायव्हर होता. त्याला सगळे उंट म्हणत आणि त्याला ते आवडायचं.

"ताई, तिकीट काढलंस का?" उंट म्हणाला. "पाहुण्यांची वेळ चार वाजता असते."

"काढलं. रांगेत तुझ्या पुढे होते."

"पोहायला येतं ना थोडंफार? नाहीतर मी हात धरतो, घाबरू नको."

"कडेकडेने पोह म्हणावं," दुसरा कुणी तरी ओला टॉवेल पिळत म्हणाला. "मधे खोल आहे."

सगळे हसले. आई सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. चिमटीला सुट्टी होती, ती दाराजवळ स्टुलावर बसली होती. आईचं हसणं तिला ओळखू आलं. पाय मुरगळला तेव्हा बसस्टॉपवर लोक जमले होते आणि आई "काही नाही, काही नाही" म्हणत अशीच हसली होती.

"तुला कडक झेपेनात वाटतं?" हसणं संपल्यावर उंटाने सहज विचारलं.

"झेपत नाहीत कसे? नवीन बघितले, घेतले."

त्या दिवशी आई कामावरून येताना काळ्या रंगाचा एक लहान डबा आणि ब्रश घेऊन आली. डब्यावर लिहिलं होतं, पाण्याने न निघणारा.

"तुझा हात चांगला आहे," ती चिमटीला म्हणाली. "नीट, एकसारखा लाव. कडेलासुद्धा पिवळं दिसता कामा नये."

"आजोबा म्हणाले होते, काही लावू नका."

"ते विकणारे. त्यांना परीक्षा द्यायचीय का?"

"पण ते म्हणाले, रबराला..."

"चिमटे, मी आयुष्यभर पाण्यात काम करतेय. लाव म्हटलं की लाव."

मग चिमटीने लावला. आणि एकदा लावायचा ठरल्यावर तिने तो मन लावून लावला. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून, आधी पातळ हात, तो वाळल्यावर दुसरा, दुसऱ्या दिवशी तिसरा. फटीच्या आतल्या कडा तिने कापसाची काडी बुडवून रंगवल्या. पट्ट्याच्या बकलाखालीही पिवळं राहू दिलं नाही. रंग सुकल्यावर आईने एक फिन पाण्याच्या बादलीत टाकला. तासाभराने काढला, नखाने खरवडला. काही निघालं नाही.

"बघ," आई म्हणाली. "उगाच घाबरवतात." आणि तिने चिमटीच्या गालाचा मुका घेतला. "कुणाला कळणारही नाही, इतकं छान केलंस."

चिमटीलाही बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

पण आता पुन्हा त्या टबाकडे ये. ताट टबात नुसतं पडून राहिलं तर मनगट दुखतं का? नाही. फिन बादलीत नुसता पडून होता आणि परीक्षेपर्यंत आईने ते घालून पोहून पाहिलं नव्हतं. पाण्यात भिजणं वेगळं आणि पाण्यात वाकणं वेगळं. रंग वाळला की कडक होतो आणि कडक वस्तू वाकवली की तडकते. ज्या वाकण्यामुळे आईचा घोटा वाचणार होता, त्याच वाकण्याने रंग सुटणार होता. हे त्या दोघींपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आलं नाही, याचं मला काही वाटत नाही.

परीक्षेच्या सकाळी चिमटी काचेच्या बाहेरच्या बाजूला, लोकांत उभी होती. मत्स्यालयाच्या मुख्य मॅडम गळ्यात स्टॉपवॉच अडकवून काचेपाशी आल्या. उंटाचे फेरे झाले. मग आई उतरली. पंपाची ओढ इतकी होती, की शेवाळ आडवं झालं होतं. आई त्या ओढीत शिरली. लहान, भराभर, कमरेपासून. म्हाताऱ्याने सांगितलं होतं तसंच. पहिला फेरा, दुसरा. रंगवलेले फिन्स काळ्यांसारखेच दिसत होते. तिसऱ्या फेऱ्याला चिमटीने मॅडमच्या हातातलं घड्याळ डोकावून पाहिलं. आई वेळेच्या पुढे होती.

चौथ्या फेऱ्यात एक लहान मुलगा म्हणाला, "बाबा, माश्याच माश्या."

आईच्या मागे काळे ठिपके तरंगत होते. आधी दोन-चार, मग मूठभर, मग पायाची प्रत्येक हालचाल रंगाच्या नव्या चकत्या सोडू लागली. फटीच्या कडेने पिवळी रेघ उघडी पडली, ती रुंद होत गेली. आईला मागचं दिसत नव्हतं. ती पोहत होती आणि सुंदर पोहत होती. सहावा फेरा तिने वेळेच्या आत संपवला. तोवर खडकांमागून मासे बाहेर आले होते. वरून चारा पडला की येतात तसे, आणि ते त्या चकत्या गिळत होते. गोधडीसारखा पसरट असा एक म्हातारा पाकट मासा त्या टाकीत होता. तो वाळूवरून उठला आणि तोंड उघडून ठिपक्यांच्या ढगातून गेला.

"पंप बंद," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "सगळ्यांना वर घ्या. माशांच्या डॉक्टरांना बोलवा."

मॅडमच्या खोलीत एक टेबल होतं, दोन खुर्च्या आणि भिंतीला टाकीचा नकाशा. आई ओल्या सूटमध्येच उभी होती, तिच्याखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. अर्धे काळे, अर्धे पिवळे फिन्स टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले होते. चिमटी तिच्या मागे, दारापाशी होती.

"टाकीत रंग," मॅडम म्हणाल्या. "आपण हाताला साबण लावूनसुद्धा उतरत नाही. वीस वर्षांचा पाकट आहे तो. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येणार नाही. तुला हे माहीत असताना तू केलंस, तर मी तुला पुन्हा पाण्यात उतरू देऊ शकत नाही. कोण हरकत घेईल याला? तूही घेऊ शकणार नाहीस."

आई टेबलाकडे बघत राहिली.

"बोल. कुणी रंगवले?"

आणि आई म्हणाली, "हिने."

मॅडमनी दाराकडे पाहिलं.

"सुट्टी आहे ना," आई म्हणाली. आता तिचं बोलणं भराभर येऊ लागलं. "दिवसभर घरात एकटी असते. हाताला लागेल ते रंगवत बसते. मी कामाच्या गडबडीत, सकाळी घाईत पिशवीत टाकले. मला वाटलं... मी नीट बघितलं नाही, ही माझी चूक. पोरच आहे, मॅडम."

बाळा, मी इथे जरा थांबतो. त्या बाईला वाईट समजू नकोस, असं मी म्हणणार नाही. तुला वाटत असेल ते वाटू दे. ती घाबरली होती. चाऱ्याची खोली, गोठलेले मासे, सुरी, दिवसभर त्या घोट्यावर उभं राहणं. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. पण घाबरलेल्या माणसाने जवळ काय आहे ते उचलून पुढे केलं आणि जवळ होती चिमटी.

"तू रंगवलेस?" मॅडमनी विचारलं. आवाज सौम्य होता.

"हो," चिमटी म्हणाली. हे खरंच होतं.

"का?"

चिमटीने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती, पण तिचा हात हळूच मागे आला आणि चिमटीच्या डोक्यावर टेकला. लाडाने ठेवतात तसा. तो गार आणि ओला होता.

"मला आवडतं रंगवायला," चिमटी म्हणाली.

मॅडमनी निःश्वास टाकला. त्यांनाही आईला वर पाठवायचं नव्हतं, हे दिसत होतं. माणसाला जे हवं असतं ते ऐकायला मिळालं की तो फार खोदत नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

"मला फायलीला लावायला काहीतरी हवं. दोन ओळी लिही. फिन्स मी रंगवले, आणि आईला माहीत नव्हतं. खाली सही कर. आईला ताकीद मिळेल आणि विषय संपेल. आणि बाळ, पुन्हा असं करायचं नाही. आज एक जीव जाऊ शकला असता."

चिमटी खुर्चीत बसली. पहिली ओळ तिने पटकन लिहिली. मग पेन थांबलं.

"दुसरी ओळ?" मॅडम म्हणाल्या.

चिमटी मान वळवून आईला म्हणाली, "आई, काय लिहू?"

खोलीत काही क्षण फक्त आईच्या सूटमधून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज होता. एवढ्या वेळात आई बोलू शकली असती. फार काही नाही, चार शब्द पुरले असते. चिमटी वाट बघत होती. ती घाईत नव्हती.

"मॅडम सांगतात ना," आई म्हणाली. "तसं लिही."

चिमटीने लिहिलं. अक्षर वळणदार, एकसारखं, कुठे खाडाखोड नाही. खाली सही केली. पेनाला टोपण लावलं.

बाहेर आल्यावर आई भिंतीला टेकली आणि तिने डोळे पुसले. "शहाणी ग माझी ती," ती म्हणाली. "तू नसतीस तर आज... तुला काय हवं ते सांग. खरंच, काहीही माग. मी कपडे बदलून येते, मग आपण जाऊ."

"तू जा," चिमटी म्हणाली.

"तू जा म्हणजे?"

चिमटी वळली. ती लोखंडी जिन्याने टाकीच्या वरच्या काठावर गेली. तिथे उंट गुडघे टेकून, लांब दांड्याच्या बारीक जाळीने पाण्यावरच्या काळ्या चकत्या गोळा करत होता. तिला बघून तो काहीतरी चेष्टेचं बोलणार होता, पण बोलला नाही. भिंतीला आणखी एक जाळी टेकून ठेवली होती. तिने ती घेतली, त्याच्यापासून थोडं दूर, काठावर पोटावर पालथी झाली आणि जाळी पाण्यात सोडली. एक चकती आली. तिने ती बादलीत झटकली आणि जाळी पुन्हा सोडली. खालून आईने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा चिमटी आणखी पुढे सरकून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून, खडकाच्या फटीत अडकलेली एक चकती काढत होती.